तिऱ्हाईत पंच

यंदाच्या व्याख्यानमालेसाठी आम्ही विषय कळविला, तेव्हा चालक मंडळींपैकी एका स्नेह्यांनी हसून विचारले, "तुम्ही कामगारांचे कार्यकर्ते. बोनस, वेतनकरार, कारखान्यांचा कायदा हे सोडून क्रिकेटच्या पंचाचे खूळ कोठून काढलेत?" प्रश्न रास्त होता. आम्ही खेळाडू नव्हे, पंच तर नव्हेच. पदवीही आमच्या नावापुढे नाही. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. परंतु गेली तीस वर्षे आमचा जीव ज्या टेबलापाशी गुंतला आहे, त्या टेबलाच्या दोन बाजूंना दोन पक्ष बसतात. आकडे मांडले जातात, आवाज चढतात, चहा होतो, आणि अखेर सगळे घोडे एकाच ठिकाणी येऊन अडते. निकाल द्यायचा कोणी? हा प्रश्न कारखान्याचा आहे तसा मैदानाचाही आहे. मैदानावर तो उन्हात, हजारो लोकांच्या देखत सुटतो, म्हणून तो तेथे अधिक स्पष्ट दिसतो, इतकेच.

एक जुनी हकीकत सांगतो. पंचवीसएक वर्षांपूर्वी एका कारखान्यात भांडारातून पितळी बुश चोरल्याचा आरोप एका कामगारावर आला. आरोपपत्र निघाले, खात्यातर्फे चौकशी बसली. चौकशी अधिकारी म्हणून जे वकील नेमले गेले, ते कंपनीच्याच कामांसाठी नेहमी येणारे. गृहस्थ सज्जन होते, हे आज मोकळेपणाने कबूल करतो. त्यांनी साक्षी नीट घेतल्या, आमच्या माणसाला बोलू दिले, उलटतपासणी अडवली नाही. निकाल विरुद्ध गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर सभा. "विकलेला निकाल" म्हणून त्या सभेत सर्वांत मोठा आवाज आमचाच होता. प्रकरण कामगार न्यायालयात गेले. काही वर्षांनी तेथेही निकाल तोच लागला, जवळजवळ त्याच कारणांनी. आम्ही पुन्हा संतापाची तयारी करून गेलो होतो. पण तो कामगार कागद वाचून गप्प राहिला, त्याने कागदाची घडी केली, खिशात घातली आणि म्हणाला, "चला साहेब, झालं. आता दुसरं काम बघतो."

पुरावा तोच, निकाल तोच. फरक एवढाच की पहिला निकाल देणारा मनुष्य समोरच्या पक्षाच्या अन्नावर होता आणि दुसरा नव्हता. पहिला प्रामाणिक होता. परंतु त्याचा प्रामाणिकपणा हरणाऱ्याच्या उपयोगी पडला नाही. हा फरक आमच्या डोक्यात घर करून राहिला, आणि त्याच शोधात पुढे आम्ही खेळांच्या पंचांपर्यंत पोचलो.

प्रथम शब्दांकडे पाहू. पंच म्हणजे पाच. पाच वडांवरून पंचवटीला नाव पडले असे मानणाऱ्या गावात हे निराळे सांगावयास नको. गावचा तंटा एकाच्या तोंडून सुटला तर तो त्याचा हुकूम. पाचांच्या तोंडून सुटला तर तो गावाचा निवाडा. म्हणून तर पाचामुखी परमेश्वर म्हणावयाचे. गंमत अशी की मैदानात एकट्या उभ्या असलेल्या माणसालाही आपण पंचच म्हणतो. इंग्रजीतील 'अंपायर' हा शब्द दुसऱ्या दिशेने आला. त्याचे मूळ जुन्या फ्रेंच भाषेत आहे, आणि त्याचा अर्थ 'जोडीत न बसणारा', विषम, असा आहे. दोघे भांडतात, जो त्या दोघांच्या जोडीत बसत नाही, तो तिसरा, म्हणजे अंपायर. आपल्या भाषेत या माणसासाठी एक नेमका शब्द आहे: तिऱ्हाईत. आज आपण तो काहीशा तुसडेपणाने वापरतो. आपला नव्हे तो तिऱ्हाईत. वस्तुतः तो मोठ्या मानाचा शब्द आहे.

आपल्या पूर्वजांना हे चांगले ठाऊक होते. मराठेशाहीतील निवाड्यांची जी कागदपत्रे छापली गेली आहेत, त्यांत काही शब्द पुनःपुन्हा भेटतात. पहिला शब्द 'राजीनामा'. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडण्याचा कागद. त्या काळी तंट्यातील दोन्ही पक्ष निवाड्याच्या आधीच लिहून देत की, पंच जे सांगतील त्यास आम्ही राजी आहो, तो राजीनामा. दुसरी गोष्ट 'परस्थळा'ची. आपल्या गावच्या गोतसभेत आपल्याला न्याय मिळणार नाही असे एखाद्या पक्षास वाटले, तर तो परस्थळी, म्हणजे दुसऱ्या गावच्या सभेपुढे, निवाडा मागू शकत असे. धर्मविषयक तंटे पैठणसारख्या क्षेत्रीच्या ब्रह्मसभेकडे जात. आणि तिसरा, आम्हांस सर्वांत मोलाचा वाटलेला शब्द, 'यजितखत'. निवाडा झाल्यावर हरलेल्या पक्षाने आपल्या हाताने लिहून द्यावयाचे की, आपण खोटे ठरलो, यापुढे या बाबतीत कटकट करणार नाही. एल्फिन्स्टन साहेबाने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात पंचायतीचे दोष त्याने पुष्कळ दाखविले, दिरंगाई दाखविली, तरी ही पद्धत ठेवण्यासारखी आहे हेही त्याने मानले.

या व्यवस्थेत सर्व काही गोड होते असे मुळीच नाही. गोतसभेत कोणाला बसावयास जागा होती आणि कोणाला सभेच्या बाहेर उभे राहावे लागत होते, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु एक गोष्ट तिने ओळखली होती. निवाडा पुरा होतो तो जिंकणाऱ्याच्या आनंदाने नव्हे, तर हरणाऱ्याच्या यजितखताने. आणि ते खत मनापासून लिहिले जावे असे वाटत असेल, तर परस्थळाची वाट मोकळी ठेवावी लागते.

आता मैदानावर येऊ, आणि आधी फुटबॉल घेऊ. या खेळात आज एकटा रेफरी शिटी घेऊन धावताना दिसतो. आरंभी तसे नव्हते. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात प्रत्येक संघ आपापला एक अंपायर आणीत असे. म्हणजे दोन पक्षांचे दोन वकीलच म्हणा ना. त्यांचे एकमत झाले नाही तर मैदानाबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या गृहस्थाकडे प्रश्न सोपविला जाई. ज्याच्याकडे प्रश्न सोपवायचा तो रेफरी. रोजच्या रोज मतभेद होऊ लागले, तेव्हा १८९१ साली नियम बदलून त्या तिसऱ्यालाच मैदानात आणले आणि दोन्ही पक्षांचे अंपायर रेषेवर निशाण धरून उभे राहिले. ज्यांनी समेटाच्या वाटाघाटी पाहिल्या आहेत, त्यांना ही वाट ओळखीची वाटेल.

फुटबॉलने आणखी एक गोष्ट लवकर ओळखली: दोन देश खेळत असतील तर रेफरी तिसऱ्या देशाचा असावा. १९३० साली पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना माँटेव्हिडिओ येथे उरुग्वे आणि अर्जेंटिना या शेजाऱ्यांत झाला. रेफरी होते बेल्जियमचे जॉन लँगेनस. गुडघ्यापर्यंतची विजार, गळ्यात टाय, असा त्यांचा पोशाख. वातावरण इतके तापले होते की आपल्या सुरक्षिततेची हमी घेतल्याखेरीज त्यांनी शिटी हाती धरली नाही. सामना सुरू होण्यापूर्वीच भांडण निघाले ते चेंडू कोणाचा वापरायचा यावरून. लँगेनस यांनी तोड काढली: पूर्वार्ध अर्जेंटिनाच्या चेंडूने, उत्तरार्ध उरुग्वेच्या. मध्यंतराला अर्जेंटिना दोनास एक अशी पुढे होती. अखेर उरुग्वेने चारास दोन असा सामना जिंकला. चार दशकांनी, १९७४ साली, म्युनिकच्या अंतिम सामन्यात यजमान पश्चिम जर्मनी आणि हॉलंड समोरासमोर होते. रेफरी इंग्लंडचे जॅक टेलर. धंद्याने खाटीक, वुल्व्हरहॅम्प्टनचे. खेळ सुरू होऊन पुरती दोन मिनिटेही झाली नव्हती, जर्मन खेळाडूंचा चेंडूला स्पर्शही झाला नव्हता, आणि टेलर यांनी यजमानांविरुद्ध पेनल्टी दिली. ऐंशी हजारांच्या घरातील लोकांपुढे, त्यांच्याच देशात! पुढे त्याच टेलरनी जर्मनीलाही पेनल्टी दिली आणि जर्मनीने सामना जिंकला. या दोन शिट्यांवर वाद पुष्कळ झाले. परंतु टेलर अमक्याचा माणूस होता, असे म्हणण्याची सोय कोणालाच नव्हती.

आपल्या देशाचा पुरुषांचा फुटबॉल संघ आजवर विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत खेळलेला नाही. पण २००२ साली जपान व कोरियात झालेल्या विश्वचषकात तामिळनाडूचे कोमलीश्वरन शंकर सहायक रेफरी म्हणून रेषेवर उभे राहिले. संघाच्या आधी आपला पंच तेथे पोचला, ही गोष्ट क्रीडाप्रेमी मंडळी फारशी बोलत नाहीत. बोलावी अशी ती आहे.

क्रिकेटची तऱ्हा मात्र निराळी. हा खेळ स्वतःला सभ्य लोकांचा खेळ म्हणवीत आला, आणि सभ्यतेचा अडसर तो हाच. यजमान देशाच्या मंडळाने आपलेच दोन पंच नेमावेत, पाहुण्यांनी ते मुकाट्याने मान्य करावेत, ही रीत. १९१२ साली इंग्लंड, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका यांची तिहेरी स्पर्धा इंग्लंडात झाली, तेव्हा पाहुण्या दोन संघांच्या सामन्यांत इंग्रज पंच आपोआप तिऱ्हाईत ठरले. तो योगायोग होता, नियम नव्हे. त्यानंतर सत्तरांहून अधिक वर्षे कसोटी सामन्यात तिऱ्हाईत पंच दिसला नाही. आगबोटीने आठवड्याचा प्रवास, खर्च, ही कारणे होतीच. पण मोठे कारण मानाचे होते. तिसऱ्या देशाचा पंच मागणे म्हणजे यजमानाच्या पंचाला लबाड म्हणणे, असा समज होता. आमच्या क्षेत्रात हा समज आम्ही नित्य पाहतो. लवाद नेमा म्हटले की व्यवस्थापक दुखावतात: "म्हणजे आमच्यावर विश्वास नाही?" प्रश्न विश्वासाचा नसतो. विश्वासावर इतका भार टाकू नये, एवढाच तो असतो.

हा भार किती जड झाला होता, याचे दाखले फार आहेत. १९८० साली वेस्ट इंडीजचा संघ न्यूझीलंडमध्ये खेळत होता. ड्युनेडिनला एक अपील फेटाळले गेले, तेव्हा मायकेल होल्डिंगसारख्या शांत गोलंदाजाने लाथेने यष्ट्या उडविल्या. पुढच्या सामन्यात, क्राइस्टचर्चला, सबंध संघ चहापानानंतर काही वेळ मैदानात उतरायलाच तयार होईना. ही वर्तणूक वाईट होती यात शंका नाही. परंतु जगातील सर्वांत बलाढ्य होऊ घातलेल्या संघालाही परमुलखात आपण एकटे आहोत असे वाटावे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

यजमानांच्या पंचाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सप्टेंबर १९८६ मध्ये मद्रासला भारत आणि ऑस्ट्रेलिया यांचा सामना बरोबरीत सुटला. कसोटीच्या इतिहासातील ही दुसरीच बरोबरी. शेवटच्या षटकात भारताला जिंकायला एक धाव हवी, शेवटची जोडी मैदानात. ग्रेग मॅथ्यूजच्या पाचव्या चेंडूवर मणिंदरसिंग पायचीत असल्याचे अपील झाले आणि पंच व्ही. विक्रमराजू यांनी बोट वर केले. आपल्याच देशात, आपल्याच फलंदाजाविरुद्ध, त्या क्षणी! निर्णय बरोबर होता यावर ते ठाम राहिले. त्यानंतर विक्रमराजू पुन्हा कसोटी सामन्यात उभे राहिले नाहीत. घरच्या पंचाने घरच्यांच्या बाजूने निर्णय दिला तर पाहुणे त्याला विकलेला म्हणतात. विरुद्ध दिला तर घरचे त्याला फितूर समजतात. त्याच्या प्रामाणिकपणाला उभे राहायला जागाच उरत नाही.

या पार्श्वभूमीवर आम्ही ज्यांच्यासाठी हा सारा प्रपंच मांडला, त्या गृहस्थांकडे वळतो. पिलू रिपोर्टर. जन्म मुंबईचा, २४ सप्टेंबर १९३८ चा, पारशी समाजातले. महाराष्ट्राने क्रिकेटला पंच दिले ते काही एकदोन नव्हेत. माधव गोठोस्कर १९७३ ते १९८३ या काळात चौदा कसोटी सामन्यांत उभे राहिले. रिपोर्टरही कसोटीत उभे राहिले ते चौदाच वेळा, १९८४ ते १९९३ या वर्षांत. आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामने बावीस. पण आम्हांस त्यांच्याविषयी जिव्हाळा वाटण्याचे एक कारण वेगळे आहे. रिपोर्टर महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळात नोकरीला होते. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रामुळे ज्या मंडळाचे नाव नाशिककरांच्या परिचयाचे, त्याच मंडळातले ते एक नोकरदार. राजा नव्हे, संस्थानिक नव्हे, जुना नामांकित खेळाडूही नव्हे. महिन्याच्या पगारावर घर चालविणारा मनुष्य पांढरा कोट चढवून उन्हात उभा राहतो आणि जगातील नामवंतांना बाद ठरवितो. ही गोष्ट आम्हां कामगार मंडळींना सुखावणारी आहे.

कसोटीतील त्यांचा पहिला सामना १९८४ च्या अखेरीस, इंग्लंडच्या संघाविरुद्ध. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी त्यांच्या वाट्याला असे काम आले की ज्याची कल्पना तोवर कोणी केली नव्हती. पाकिस्तानचा कर्णधार इम्रान खान तिऱ्हाईत पंचांचा आग्रह धरून बसला होता. १९८२ च्या इंग्लंड दौऱ्यात पंचांच्या निर्णयांचा कडवट अनुभव त्याने घेतला होता. आणि परदेशी संघ पाकिस्तानात हरले की ते पाकिस्तानी पंचांकडे बोट दाखवतात, हेही त्याला डाचत होते. आपण जिंकतो ते आपल्या खेळावर, हे जगाने मान्य करावे, असे त्याला वाटे. म्हणजे तिऱ्हाईत पंच त्याला हवा होता तो आपल्या विजयाला कोणी नावे ठेवू नयेत म्हणून.

१९८६ च्या हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ पाकिस्तानात आला. पहिला सामना फैसलाबादला, घरच्याच पंचांखाली. अब्दुल कादिरच्या फिरकीपुढे वेस्ट इंडीजचा दुसरा डाव त्रेपन्न धावांत आटोपला आणि पाकिस्तानने १८६ धावांनी सामना जिंकला. दुसऱ्या सामन्यासाठी लाहोरच्या मैदानावर जे दोन पंच उतरले, ते होते मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि हैदराबादचे व्ही. के. रामस्वामी. दोघेही भारतीय!

या नेमणुकीकडे जरा थांबून पाहावे. तिऱ्हाईत हवा म्हणून पाकिस्तानने ज्याला बोलाविले, तो देश कोणता? ज्याच्याशी तीन युद्धे झाली, तो. आणि काळ कोणता? १९८६-८७ चा तो हिवाळा. राजस्थानच्या वाळवंटात भारतीय सैन्याच्या प्रचंड कवायती सुरू होत होत्या आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना काळजी दाटत होती. इतर कोणत्याही बाबतीत भारतीय मनुष्य लाहोरमध्ये त्रयस्थ ठरला नसता. परंतु त्या सामन्यापुरता त्याचा कोणत्याही बाजूशी संबंध नव्हता, आणि तेवढे पुरेसे होते. तिऱ्हाईत होण्यासाठी मनुष्य जगाबाहेरचा असावा लागत नाही. त्या तंट्याबाहेरचा असला म्हणजे झाले. आम्हांस ही गोष्ट मोठी वाटते. जेथे राज्यकर्त्यांचा एकमेकांवर विश्वास नव्हता, तेथे विद्युत मंडळातल्या एका नोकरदाराच्या बोटावर विश्वास ठेवण्यात आला.

सामना ७ नोव्हेंबर १९८६ रोजी सुरू झाला आणि तिसऱ्याच दिवशी संपला. पाकिस्तानचा पहिला डाव १३१, वेस्ट इंडीज २१८, पाकिस्तानचा दुसरा डाव अवघ्या ७७ धावांत संपला. एक डाव आणि दहा धावांनी पराभव! ज्याने तिऱ्हाईत पंच मागितले, तोच त्यांच्यापुढे असा सपशेल हरला. श्रोत्यांनी क्षणभर इम्रानच्या जागी उभे राहून पाहावे. आपणच हट्ट करून पंच आणले. आता तक्रार कोणाकडे करावयाची? तक्रार नव्हतीच. मालिका एक एक अशी बरोबरीत आली आणि मंडळी कराचीला गेली. तेथेही पंच तेच दोघे. पहिल्या डावात दोन्ही संघांत एकाच धावेचे अंतर: वेस्ट इंडीज २४०, पाकिस्तान २३९. शेवटच्या दिवशी पाकिस्तानचे सात गडी बाद झालेले, मालिका कोणाच्याही पदरात पडेल अशी स्थिती. अशा संध्याकाळी पॅडला लागलेला प्रत्येक चेंडू म्हणजे एक खटला असतो. तेथे घरचा पंच असता आणि त्याने एक अपील नाकारले असते, तरी वेस्ट इंडीजच्या मंडळींनी ते जन्मभर उगाळले असते. सामना अनिर्णित सुटला. मालिकाही बरोबरीत सुटली, आणि ती बरोबरी दोन्ही पक्षांनी आपली म्हणून घरी नेली.

हा प्रयोग तेथेच रुजला असता तर बरे झाले असते. तसे घडले नाही. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८७ मध्ये, इंग्लंडचा संघ पाकिस्तानात आला असताना घरचेच पंच होते. फैसलाबादला इंग्लंडचा कर्णधार माइक गॅटिंग आणि पंच शकूर राणा भर मैदानात बोटे नाचवीत एकमेकांवर धावून गेले. ते छायाचित्र जगभर छापले गेले. माफी मागितल्याशिवाय आपण उभे राहणार नाही, असे पंच म्हणाले. कर्णधार तयार होईना. एक सबंध दिवस खेळ झाला नाही. अखेर वरून दडपण आल्यावर गॅटिंगने दोन ओळींची माफी कागदाच्या चिठोऱ्यावर खरडून दिली. तेही एका परीने यजितखतच. पण मनगट पिरगाळून घेतलेले. अशा कागदाने खेळ पुन्हा सुरू होतो, तंटा मात्र मिटत नाही. लाहोरचा पराभव आणि फैसलाबादची माफी या दोहोंमध्ये अवघे तेरा महिने आहेत. या तेरा महिन्यांत माणसे बदलली नव्हती. व्यवस्था मागे गेली होती.

तथापि वाट पडली होती ती बुजली नाही. १९८९ साली भारताचा संघ पाकिस्तानात गेला, सचिन तेंडुलकर ज्या दौऱ्यात प्रथम कसोटी खेळला तो हा दौरा. तेव्हा चारही सामन्यांना इंग्लंडचे जॉन हॅम्पशायर आणि जॉन होल्डर हे पंच होते. १९९२ पासून आंतरराष्ट्रीय मंडळाने एका तिऱ्हाईत पंचाचा प्रयोग सुरू केला. १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक पंच तिसऱ्या देशाचा असावा असा नियमच झाला. आणि या पंचमंडळाचा खर्च उचलावयास पुढे आली कोण, तर इंग्लंडची वीज वाहून नेणारी नॅशनल ग्रिड कंपनी. विद्युत मंडळातल्या माणसाने उघडलेल्या वाटेवर वीज कंपनीनेच दिवा लावावा, हा योगायोग आम्हांस मोठा गोड वाटतो. २००२ पासून दोन्ही पंच तिऱ्हाईत आणि पूर्ण वेळ पगारी झाले. स्वतः रिपोर्टर १९९२ च्या ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील विश्वचषक स्पर्धेत पंच होते. ३ सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्यात त्यांचे निधन झाले. तोवर तिऱ्हाईत पंच ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली होती की, तो कधी काळी नव्हता, हे तरुण पोरांना खरे वाटू नये.

येथे एक प्रामाणिक आक्षेप घेता येईल. २०२० च्या साथीत प्रवास बंद पडला, तेव्हा आंतरराष्ट्रीय मंडळाने तात्पुरते घरच्याच पंचांना उभे राहण्याची मुभा दिली, आणि खेळ काही कोसळला नाही. मग तिऱ्हाइताची एवढी थोरवी कशाला? उत्तर त्या निर्णयातच आहे. घरचे पंच आणताना मंडळाने दोन्ही संघांना प्रत्येक डावात दाद मागण्याची एक संधी अधिक दिली. म्हणजे मैदानातला तिऱ्हाईत गेला, त्याच्या बदल्यात पडद्याआडचा कॅमेरा अधिक वेळा बोलाविता येऊ लागला. परस्थळ बदलले, परस्थळाची गरज गेली नाही.

दुसरा मुद्दा पोटाचा, आणि तो आम्ही आमच्या बाजूने मांडतो. लँगेनस बेल्जियमचे, रिपोर्टर मुंबईचे, म्हणून ते तिऱ्हाईत होते. हे अर्धे सत्य. जॅक टेलरची चूल मांसाच्या दुकानावर पेटत होती, रिपोर्टर यांची विद्युत मंडळाच्या पगारावर. उद्या सामना मिळाला नाही तर त्यांचे घर उपाशी राहणार नव्हते. आता पंच पूर्ण वेळ पगारी झाले, हे चांगलेच झाले. श्रमाला दाम मिळालाच पाहिजे. परंतु हा पगार देणारे आंतरराष्ट्रीय मंडळ शेवटी निरनिराळ्या देशांच्या मंडळांचेच बनलेले आहे, आणि त्यांत काही मंडळे फार श्रीमंत आहेत. तेव्हा पंच कोणत्या गावचा, एवढे विचारून भागत नाही. त्याची भाकरी कोणाच्या तव्यावर भाजली जाते, हेही विचारावे लागते. आमचे ते चौकशी अधिकारी वकील परगावचेच होते!

दुसऱ्यांना इतके सांगितल्यावर आपल्या घरचेही सांगितले पाहिजे. आमच्या संघटनेच्या निवडणुकीत कैक वर्षे मते मोजण्याचे काम जुने कार्यकारी मंडळच करीत असे. आम्हीच उमेदवार, आम्हीच मोजणारे. कधी एका मताचीही लबाडी झाली नाही. पण एका वर्षी चार मतांनी हरलेला एक तरुण कार्यकर्ता संघटना सोडून गेला. जाताना म्हणाला, "मोजणी खरी असेल हो, पण मला कसं कळणार?" त्या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ज्या आम्ही गेटवर उभे राहून मालकाच्या चौकशी अधिकाऱ्याला विकलेला म्हटले होते, त्याच आम्ही त्या पोराला खुशाल सांगत होतो की, आमच्यावर विश्वास ठेव. पुढच्या निवडणुकीपासून मोजणीला आम्ही एक निवृत्त शिक्षक बोलावू लागलो; त्यांचा आमच्या कारखान्याशी काडीचा संबंध नव्हता. पहिल्याच वर्षी आमचा एक जवळचा सहकारी पडला. त्याने शिक्षकांशी हात मिळवला, चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी वर्गणीची पावतीपुस्तके मागायला आला.

येथे बसलेल्यांपैकी कोणी गृहनिर्माण संस्थेत असेल, कोणी देवस्थानाच्या विश्वस्त मंडळात, कोणी भावाभावांच्या वाटणीत अडकलेला असेल. त्यांना आमची विनंती एवढीच की, पंच तंट्याच्या आधी ठरवा. नाणेफेकीपूर्वी पंच मैदानात असतो तो उगीच नव्हे. आपले पारडे जड असताना तिऱ्हाईत मागणे फार कठीण असते. इम्रानने तो मागितला तेव्हा तो आपल्या घरी, आपल्या मैदानावर होता, आणि मागून हरला. तो पराभव त्याच्या जमेस धरावा असे आम्हांस वाटते. आणि पांढरा कोट घातलेले ते दोघे भारतीय त्या संध्याकाळी यष्ट्यांवरच्या बेल्स काढून, सावकाश चालत लाहोरच्या मैदानाबाहेर आले असतील, तेव्हा यजमान हरले होते, आणि तरीही पंचांच्या अंगावर धावून जावे असे कोणाला वाटले नाही. एका पंचाच्या कारकिर्दीत याहून अधिक काय हवे?